एकाने नाडी वाढते, दुसऱ्याने मंदावते: पोटॅशियम चॅनलवरील औषधे, रक्तदाब आणि हृदयगती

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार औषधांनीही रक्तदाब आटोक्यात येईना म्हणून प्रश्नकर्त्याच्या वडिलांना मिनॉक्सिडिल सुरू करण्यात आले. रक्तदाब उतरला, पण नाडी मिनिटाला १०४ वर गेली आणि घोट्यांवर सूज दिसू लागली. त्याच सुमारास आत्याला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी सोटालॉल देण्यात आले. तिची नाडी ५२ वर आली आणि रक्तदाब थोडासाच उतरला. दोन्ही औषधे ‘पोटॅशियम चॅनलवर’, म्हणजे पेशीच्या पटलातील पोटॅशियमच्या ये-जा करण्याच्या वाटांवर, ‘काम करतात’ असे प्रश्नकर्त्याच्या वाचनात आले आहे. मग परिणाम असे परस्परविरुद्ध का, आणि आहारातील पोटॅशियम कमी-जास्त केल्याने यात काही फरक पडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल, म्हणून ते आधीच सांगतो. वडिलांची नाडी वाढली आणि आत्याची मंदावली, हे दोन्ही बदल पोटॅशियम चॅनलमुळे थेट झालेले नाहीत. वडिलांच्या बाबतीत औषधाने रक्तवाहिन्यांमधील पोटॅशियम चॅनल उघडले, त्यामुळे रक्तदाब उतरला आणि त्या उतरलेल्या दाबाला शरीराने दिलेले प्रत्युत्तर म्हणून नाडी वाढली. आत्याच्या बाबतीत औषधाने हृदयाच्या स्नायूतील पोटॅशियम चॅनल अडवले हे खरे, पण नाडी मंदावली ती त्याच औषधात असलेल्या बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखण्याच्या, गुणामुळे. ‘पोटॅशियम चॅनलवरील औषध’ एवढ्या वर्णनावरून रक्तदाब आणि नाडी यांचे भाकीत करता येत नाही. कोणता चॅनल, कोणत्या अवयवातला, आणि तो उघडला की बंद केला, हे तिन्ही कळल्याशिवाय त्या वर्णनाला अर्थ नसतो. मानवी जनुकसंचात पोटॅशियम चॅनलच्या घटकांसाठी सत्तरहून अधिक जनुके आहेत, आणि त्यांतील फार थोड्यांवर आज औषधे उपलब्ध आहेत.

आता हे घडते कसे ते पाहू. पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर बाहेर रक्तात ते ४ च्या आसपास असते. म्हणून चॅनल उघडला की पोटॅशियम आतून बाहेर पडते, जाताना धनभार घेऊन जाते आणि पेशीची आतली बाजू अधिक ऋणभारित होते. पेशीपटलातून केवळ पोटॅशियमचीच ये-जा होत असती, तर त्यावरील विभव (आत-बाहेरच्या विद्युतभारातील फरक) उणे ९० मिलिव्होल्टच्या जवळ स्थिरावले असते. रक्तवाहिनीच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायूपेशी मात्र प्रत्यक्षात साधारण उणे ४० ते उणे ६० मिलिव्होल्टवर असतात. म्हणजे पोटॅशियमचे आणखी चॅनल उघडल्यास विभव खाली जायला भरपूर वाव असतो. नेमक्या याच पट्ट्यात कॅल्शियम आत घेणाऱ्या एल प्रकारच्या चॅनलची उघडझाप विभवावर अतिशय अवलंबून असते, त्यामुळे विभव काही मिलिव्होल्टने जरी खाली गेले तरी आत येणारे कॅल्शियम लक्षणीयरीत्या कमी होते. कॅल्शियम कमी झाले की स्नायू सैलावतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. एका अर्थाने पोटॅशियम चॅनल उघडणारे औषध हे आडवाटेने काम करणारे कॅल्शियम रोधकच आहे. रक्तदाबावरील नेहमीचे औषध ॲम्लोडिपिन कॅल्शियमच्या चॅनललाच अडवते, तर मिनॉक्सिडिल तो चॅनल उघडू नये अशी विद्युत परिस्थिती निर्माण करते.

रक्तवाहिनीची रुंदी थोडी बदलली तरी रक्तदाब इतका का उतरतो, यामागे एक साधे गणित आहे. प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली तर विरोध सुमारे ३२ टक्क्यांनी घटतो. रक्तदाबाचा मोठा भाग ठरवणाऱ्या सूक्ष्म धमन्यांमध्ये हा बदल एकाच वेळी सर्वत्र घडवून आणणारे औषध प्रभावी असणार, हे उघड आहे.

या औषधांचे लक्ष्य असलेल्या चॅनलला एटीपी-संवेदनशील पोटॅशियम चॅनल म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ अकिनोरी नोमा यांनी १९८३ मध्ये तो हृदयाच्या स्नायूपेशीत प्रथम दाखवला. पेशीत ऊर्जा, म्हणजे एटीपी, भरपूर असताना तो मिटलेला असतो आणि ऊर्जा घटू लागली की उघडतो. त्याची रचना आठ घटकांची आहे. चार घटक मिळून छिद्र तयार होते आणि उरलेले चार त्या छिद्राचे नियंत्रण करतात. नियंत्रक घटकाला सल्फोनिलयुरिया रिसेप्टर असे नाव आहे, कारण मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया गटाची औषधे त्यालाच चिकटतात. हा नियंत्रक घटक स्वादुपिंडात एका प्रकारचा, हृदयाच्या स्नायूत दुसऱ्या प्रकारचा आणि रक्तवाहिन्यांत तिसऱ्या प्रकारचा असतो, आणि या गटातील औषधांचा सगळा वेगळेपणा या फरकातून येतो. मिनॉक्सिडिल नेहमीच्या मात्रेत रक्तवाहिन्यांमधील प्रकार उघडते, पण हृदयातील तोच चॅनल निरोगी, ऊर्जासंपन्न पेशीत मिटलेला राहतो. म्हणून या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची निर्मिती किंवा विद्युतवहन थेट बदलत नाही.

मग नाडी का वाढते? मानेतील कॅरोटिड सायनस आणि महाधमनीची कमान या दोन ठिकाणी दाबग्राही चेतातंतू असतात. धमनीची भिंत ताणली गेली की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे संदेश पाठवतात आणि ताण कमी झाला की संदेशांचा वेग घटतो. औषधाने दाब अचानक उतरला की मेंदूला ही परिस्थिती रक्तस्राव झाल्यासारखी भासते. हृदयाला मंदावणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम सैल होतो, त्याला वेग देणारी अनुकंपी चेतासंस्था सक्रिय होते, सायनस नोडमधून (हृदयाची गती ठरवणाऱ्या पेशीसमूहातून) ठोके जलद निघू लागतात आणि हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. दुसरीकडे मूत्रपिंडे रेनिन हे द्रव्य सोडतात, त्यामुळे ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि शरीर मीठ व पाणी साठवू लागते. वडिलांची जलद नाडी आणि घोट्यांची सूज ही या एकाच प्रत्युत्तराची दोन अंगे आहेत. औषध ‘सोसवत नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की औषध काम करत आहे आणि शरीर त्याला विरोध करत आहे.

ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, याचा पडताळा घेता येतो. बीटा ब्लॉकर आधीपासून चालू असेल तर रक्तदाब तितकाच उतरूनही नाडी फारशी वाढत नाही. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता कापलेल्या असल्याने त्याचे ठोके अशा वेळी लगेच जलद होत नाहीत. औषध हृदयावर थेट काम करत असते तर असे फरक दिसले नसते.

मिनॉक्सिडिलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रश्न त्याच्याविषयी आहे आणि योग्य तऱ्हेने न वापरल्यास हे औषध धोक्याचे ठरते. गिळलेली गोळी स्वतः निष्क्रिय असते. यकृतात सल्फोट्रान्सफरेज नावाच्या विकराकडून तिला सल्फेट जोडले जाते आणि ते मिनॉक्सिडिल सल्फेट चॅनल उघडते. रक्तातील अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे चार तास असले तरी रक्तदाबावरील परिणाम एक दिवस आणि काही वेळा त्याहूनही अधिक टिकतो, कारण सक्रिय रूप स्नायूत रेंगाळते. म्हणूनच मात्रा घाईने वाढवू नये. दोन वाढींमध्ये किमान तीन दिवसांचे अंतर ठेवण्याची रीत याच कारणाने पडली आहे. रक्तदाबासाठी सुरुवात साधारण ५ मिलिग्रॅमने होते, बहुतेकांना दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम पुरतात आणि १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. हे औषध एकटे द्यायचेच नसते. प्रतिक्षिप्त क्रिया अडवण्यासाठी बीटा ब्लॉकर आणि मीठपाणी बाहेर काढण्यासाठी मूत्रल औषध, बहुधा फ्युरोसेमाइडसारखे प्रभावी मूत्रल, अशा दोघांच्या संगतीने ते दिले जाते. या दोघांपैकी एकाची मात्रा अपुरी असेल तर नेमके तेच चित्र दिसते जे तुम्ही वडिलांच्या बाबतीत लिहिले आहे. काही आठवड्यांनी औषधाचा प्रभाव ओसरला असे वाटू लागते, तेव्हाही बहुतेक वेळा औषध निकामी झालेले नसते. साठलेल्या पाण्याने रुंदावलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा भरून काढलेल्या असतात. अशा वेळी मिनॉक्सिडिल वाढवण्याऐवजी मूत्रल औषध नीट बसवले की रक्तदाब परत खाली येतो. माझ्या अनुभवात या औषधाबाबत सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच आहे.

मिनॉक्सिडिलच्या बाबतीत हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी लागते. रक्तदाबाच्या मात्रेत, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांत हे सुमारे ३ टक्क्यांत नोंदले गेले आहे. हृदयविकाराच्या रुग्णात जलद नाडीमुळे हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि छातीत दुखणे बळावू शकते. फिओक्रोमोसायटोमा या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत तर ते देऊच नये, कारण प्रतिक्षिप्त उत्तेजनाने गाठीतून ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणात सुटू शकतात. औषध सुरू केल्यावर ईसीजीतील टी लहर सपाट किंवा उलटी होणे अनेकांत दिसते. तो बहुधा तात्पुरता बदल असतो, पण आधीचा ईसीजी हाताशी नसेल तर विनाकारण घबराट होते. म्हणून पहिल्या गोळीपूर्वी ईसीजी काढून ठेवावा.

केस गळण्यावर हेच औषध पोटातून ०.२५ ते ५ मिलिग्रॅम या अल्प मात्रेत दिले जाते, त्याविषयीही लोक भीतीने विचारतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४०४ रुग्णांच्या बहुकेंद्री अभ्यासात अशा मात्रेवर चक्कर किंवा डोके हलके होणे १.७ टक्के, सूज १.३ टक्के आणि जलद नाडी ०.९ टक्के रुग्णांत आढळली. प्रमाण अल्प आहे, पण शून्य नाही. ज्यांना हृदयाचा विकार आहे किंवा जे रक्तदाबाची इतर औषधे घेतात त्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

या चॅनलचा आणि या दुष्परिणामांचा संबंध किती घट्ट आहे, हे निसर्गानेच एका दुर्मीळ आजारात दाखवले आहे. मेक्सिकोतील जनुकतज्ज्ञ होसे मारिया कान्तू यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेल्या कान्तू सिंड्रोममध्ये जन्मापासून अंगभर दाट केस, मोठे हृदय, रुंद रक्तवाहिन्या, सूज आणि हृदयाच्या आवरणात पाणी असे चित्र असते. २०१२ मध्ये त्याचे कारण सापडले. रक्तवाहिन्यांमधील एटीपी-संवेदनशील चॅनलच्या नियंत्रक घटकाचे जनुक बदललेले असते आणि त्यामुळे चॅनल गरजेपेक्षा अधिक उघडा राहतो. ही बाळे जन्मतः जणू मिनॉक्सिडिलवरच असतात. मिनॉक्सिडिलने अंगावर केस वाढणे, सूज येणे आणि हृदयाभोवती पाणी साठणे हे वेगवेगळे अपघात नसून चॅनल उघडण्याचेच परिणाम आहेत, हे यातून स्पष्ट होते. विद्यार्थ्यांना शिकवताना दुष्परिणामांची यादी पाठ करायला सांगण्याऐवजी मी नेहमी या आजारापासून सुरुवात करतो.

याच गटातील इतर औषधांचा उल्लेख थोडक्यात करतो. निकोरँडिलमध्ये नायट्रेट आणि पोटॅशियम चॅनल उघडणारा भाग असे दोन्ही गुण आहेत. नायट्रेटच्या गुणाने नीला आणि हृदयाच्या मोठ्या धमन्या रुंदावतात, तर दुसऱ्या गुणाने सूक्ष्म धमन्या. हृदयशूळासाठीच्या मात्रेत रक्तदाब बेताचाच उतरतो आणि नाडी किंचित वाढते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोना अभ्यासात ५,१२६ रुग्णांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा छातीत दुखल्याने अचानक रुग्णालयात दाखल होणे या एकत्रित घटना १५.५ टक्क्यांवरून १३.१ टक्क्यांवर आल्या. तोंडात किंवा गुदद्वाराशी चिवट व्रण होणे हा त्याचा विशेष दुष्परिणाम आहे. सिल्डेनाफिलसारख्या औषधाबरोबर ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. डायझॉक्साइड एके काळी रक्तदाबाच्या आणीबाणीत शिरेतून झटपट दिले जाई. दाब इतका झपाट्याने उतरे की मेंदू किंवा हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचे प्रसंग येत, म्हणून तो वापर मागे पडला. स्वादुपिंडातील चॅनलही ते उघडते आणि इन्शुलिन रोखते. त्यामुळे आज त्याचे मुख्य स्थान अतिरिक्त इन्शुलिनमुळे साखर घसरणाऱ्या आजारांत आहे. हृदय निकामी होण्याच्या तीव्र अवस्थेत दिले जाणारे लेव्होसिमेंडन हृदयाचे आकुंचन सुधारते आणि सोबत हाच चॅनल उघडून रक्तवाहिन्या रुंदावते. त्याचे सक्रिय उपद्रव्य सुमारे ८० तासांच्या अर्धायुष्याचे असल्याने सलाईन थांबवल्यावरही कित्येक दिवस रक्तदाब कमी आणि नाडी जलद राहू शकते, ही गोष्ट रात्रपाळीच्या डॉक्टरांनी अवश्य लक्षात ठेवावी.

हाच चॅनल बंद करणारी औषधे, म्हणजे ग्लिबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाब वाढवतात का, अशी शंका साहजिक आहे. विश्रांत अवस्थेत रक्तवाहिन्यांतील हे चॅनल फारसे उघडे नसतातच, त्यामुळे ते मिटवून दाबावर विशेष परिणाम होत नाही. जंतुसंसर्गाच्या तीव्र शॉकमध्ये मात्र आम्लता वाढून आणि ऊर्जा घटून हे चॅनल मोठ्या प्रमाणावर उघडतात, आणि दाब कोसळण्याला त्यांचा हातभार लागतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ग्लिबेनक्लामाइडने असा दाब सावरला, पण माणसांवरील लहान चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही. प्रयोगशाळेत निर्दोष वाटणारा तर्क रुग्णशय्येवर टिकतोच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आता आत्याच्या औषधाकडे वळू. हृदयाच्या स्नायूपेशीत प्रत्येक ठोक्याला विद्युतभार उसळतो आणि पुन्हा पूर्वपदावर येतो. पूर्वपदावर आणण्याचे काम पोटॅशियम बाहेर नेणारे अनेक प्रकारचे चॅनल करतात. त्यांतला सर्वात महत्त्वाचा आणि औषधांना सहज बळी पडणारा म्हणजे हर्ग नावाचा चॅनल. तो अडवला की पेशी पूर्वपदावर यायला उशीर होतो आणि ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोक्याच्या विद्युत उसळीपासून स्नायू सावरेपर्यंतचा काळ) लांबते. पेशी अधिक काळ ‘व्यग्र’ राहिल्याने भरकटलेली विद्युतलाट तिला पुन्हा उत्तेजित करू शकत नाही, आणि एट्रियल फिब्रिलेशनसारखी (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची) अनियमितता मोडते. तिसऱ्या वर्गातील अतालतारोधकांचे, म्हणजे ठोक्यांची अनियमितता रोखणाऱ्या औषधांचे, हे तत्त्व आहे. येथे नाडीच्या वेगाचा प्रश्नच मुळात वेगळा आहे. सायनस नोड ठोके किती वेगाने सोडतो हे एक, आणि प्रत्येक ठोक्यानंतर स्नायू किती वेळात सावरतो हे दुसरे. हर्ग चॅनल अडवणारे औषध प्रामुख्याने दुसऱ्यावर परिणाम करते.

याचा सर्वात स्वच्छ पुरावा म्हणजे याच वर्गातील डोफेटिलाइड हे औषध. ते जवळजवळ केवळ हर्ग चॅनलच अडवते, आणि नेहमीच्या मात्रेत रक्तदाबही हलवत नाही, नाडीही फारशी हलवत नाही. सोटालॉलमध्ये मात्र एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेले दोन रेणू मिसळलेले असतात. डावा रेणू बीटा ब्लॉकर आणि चॅनलरोधक असा दोन्ही आहे, तर उजवा केवळ चॅनलरोधक. अल्प मात्रेत बीटा ब्लॉकरचा गुण आधी दिसतो, दिवसाला १६० मिलिग्रॅमच्या पुढे चॅनल अडवण्याचा गुण ठळक होतो. आत्याची ५२ ची नाडी पहिल्या गुणाची आहे. केवळ उजवा रेणू हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णांना देऊन पाहिला गेला, तो १९९६ चा स्वोर्ड अभ्यास. ३,१२१ रुग्णांनंतर तो मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत ५.० टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.१ टक्के मृत्यू झाले. तेव्हापासून केवळ हर्ग अडवण्याच्या कल्पनेकडे वैद्यकाने सावधपणे पाहायला सुरुवात केली.

अमिओडारोन हे या वर्गातले सर्वाधिक वापरले जाणारे औषध, पण ते पोटॅशियमबरोबर सोडियम आणि कॅल्शियमचे चॅनल तसेच बीटा ग्राहीही काही प्रमाणात अडवते. म्हणून त्याने नाडी मंदावते. शिरेतून झपाट्याने दिल्यास रक्तदाब उतरतो, आणि त्यात औषधाइतकाच नेहमीच्या इंजेक्शनमधील पॉलिसॉर्बेट या द्रावकाचाही वाटा असतो, त्यामुळे सलाईनचा वेग कमी करणे हा पहिला उपाय असतो. रेणूच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असल्याने पुढे थायरॉइड बिघडू शकते. अमिओडारोनवर असलेल्या रुग्णाची नाडी काही महिन्यांनी विनाकारण वाढू लागली, तर मात्रा वाढवण्यापूर्वी थायरॉइडची तपासणी करावी.

या औषधांचा रक्तदाबावर होणारा एक अप्रत्यक्ष परिणाम विसरला जातो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये मिनिटाला १४० ने धावणारे हृदय नीट भरत नाही. औषधाने ताल पूर्ववत झाला की नाडी ७० वर येते आणि रक्तदाब उलट सुधारतो. हा परिणाम रक्तवाहिन्यांवरील क्रियेचा नसून पुन्हा नीट भरू लागलेल्या हृदयाचा असतो.

हर्ग चॅनल अडवण्याचा खरा धोका मात्र नाडी किंवा रक्तदाबाच्या रोजच्या मोजणीत दिसतच नाही. क्यूटी फार लांबले की टोर्साद द पोआंत नावाची जीवघेणी अनियमितता उद्भवू शकते. फ्रेंच हृदयतज्ज्ञ देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचे वर्णन केले. ती सुरू झाली की रक्तदाब काही सेकंदांत कोसळतो आणि रुग्ण बेशुद्ध पडतो, पण त्याच्या पाच मिनिटे आधीपर्यंत दोन्ही आकडे अगदी सामान्य असू शकतात. नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, म्हणजे दुरुस्त क्यूटी, ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की धोका स्पष्टपणे वाढतो. मंद नाडी, रक्तात पोटॅशियम वा मॅग्नेशियमची कमतरता, मूत्रपिंडांची दुर्बलता आणि स्त्री असणे या सर्वांनी तो आणखी वाढतो. सोटालॉल मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते, म्हणून आत्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) माहीत असणे अत्यावश्यक आहे. हृदयाशी संबंध नसलेली अनेक औषधेही हाच चॅनल अडवतात. एरिथ्रोमायसिन, हॅलोपेरिडॉल, मेथाडोन, डोम्पेरिडोन आणि ऑन्डान्सेट्रॉन ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे आहेत. ॲलर्जीवरील टर्फेनाडिन १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून याच कारणाने काढले गेले. तेव्हापासून नव्या औषधाची हर्ग चाचणी हा औषधनिर्मितीतील नेमाचा टप्पा झाला आहे.

मग पोटॅशियम चॅनलमुळे नाडी थेट बदलते, असे काही आहे का? आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अहोरात्र चालू असते. व्हेगस चेतेतून सुटणारे ॲसिटिलकोलिन सायनस नोडमधील एका खास पोटॅशियम चॅनलला उघडते. विभव खाली जाते, पुढचा ठोका तयार व्हायला अधिक वेळ लागतो आणि नाडी मंदावते. शांत झोपेत नाडी पन्नाशीच्या जवळ येते त्यात या चॅनलचा मोठा वाटा आहे. ॲडिनोसिन हे औषध याच चॅनलला उघडते. हृदयाच्या वरच्या भागातून येणारी अतिजलद नाडी मोडण्यासाठी ते ६ मिलिग्रॅम शिरेतून झटक्यात दिले जाते आणि गरज पडल्यास १२ मिलिग्रॅम. अर्धायुष्य दहा सेकंदांहूनही कमी असल्याने काही क्षण ठोके थांबल्यासारखे दिसतात, रुग्णाला छाती आवळल्यासारखे वाटते, आणि लगेच सामान्य ताल सुरू होतो. तो क्षण रुग्णाला आधी समजावून सांगितलाच पाहिजे. न सांगता दिलेले ॲडिनोसिन ही अकारण दिलेली यातना आहे.

आहाराच्या शंकेचे उत्तर यामुळे सोपे होते. आहारातून पोटॅशियम वाढवल्याने निरोगी मूत्रपिंडे असलेल्या माणसाचा रक्तदाब काहीसा उतरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम सुचवते. त्याचा मार्ग मुख्यतः मूत्रपिंडांनी अधिक मीठ बाहेर टाकण्याचा आहे. मिनॉक्सिडिलचा परिणाम त्याने वाढत किंवा घटत नाही. आत्याच्या बाबतीत मात्र रक्तातील पोटॅशियम अतिशय महत्त्वाचे आहे, आणि येथे एक विलक्षण गोष्ट आहे. रक्तातले पोटॅशियम कमी झाले तर ते बाहेर जाण्याचा उतार वाढतो, म्हणून प्रवाह वाढायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात बाहेर पोटॅशियम कमी असताना हर्ग चॅनलची वहनक्षमताच घटते, आणि औषधाचा अडथळा अधिक घट्ट बसतो. जुलाब, उलट्या किंवा मूत्रल औषधाने पोटॅशियम घसरलेल्या रुग्णात सोटालॉलची नेहमीची गोळीही धोक्याची ठरते, ती यामुळे. रक्तातील पातळी ४ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान ठेवणे इष्ट असते. पण त्यासाठी पोटॅशियमच्या गोळ्या वा मिठाऐवजी मिळणारे पोटॅशियमयुक्त क्षार आपल्या मनाने सुरू करू नयेत, विशेषतः मूत्रपिंडे दुर्बळ असताना किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू असताना. रक्तात पोटॅशियम अति वाढले तर हृदय मंदावत थांबू शकते.

वडिलांच्या बाबतीत आता काय करावे ते लिहितो. मिनॉक्सिडिल एकाएकी बंद करू नका, तसेच त्यांचा बीटा ब्लॉकरही बंद करू नका. दोन्ही अचानक थांबल्यास रक्तदाब आणि नाडी उसळू शकतात. रोज सकाळी लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी त्यांचे वजन घ्या. बसून आणि उभे राहून एक मिनिटाने, अशा दोन्ही वेळा रक्तदाब आणि नाडी लिहून ठेवा, कारण रक्तदाबाचा नुसता आकडा पाहिला तर औषध उत्तम चालले आहे असेच वाटत राहील. औषधापूर्वीच्या नाडीपेक्षा ठोके २० किंवा त्याहून अधिक वाढलेले असतील, किंवा वजन झपाट्याने दोन किलोहून अधिक वाढले असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. तुम्ही सांगितलेली १०४ ची नाडी आणि सूज या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर जायला हव्यात. बीटा ब्लॉकर पुरेसा आहे का आणि मूत्रल औषध कोणते व किती आहे, हे दोन प्रश्न त्यांना विचारा. हृदयाभोवती पाणी नाही ना, हे पाहण्यासाठी ते बहुधा इकोकार्डिओग्राम करतील. धाप, आडवे झोपल्यावर गुदमरणे किंवा छातीत दुखणे असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि वडिलांची नाडी उतरवण्यासाठी आत्याच्या गोळ्यांतली एकही गोळी त्यांना देऊ नका. सोटालॉलमध्ये बीटा ब्लॉकर असला तरी त्यासोबत येणारा हर्गचा अडथळा, आणि मूत्रल औषधाने आधीच घसरू पाहणारे पोटॅशियम, यांची जोडी घातक आहे.

आत्यासाठी दुरुस्त क्यूटी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम हे चार आकडे एका कागदावर लिहून तो कागद त्यांच्याजवळ राहू द्या, आणि खोकल्यापासून उलटीपर्यंत कोणत्याही कारणाने नवे औषध लिहून मिळाले की आधी तो कागद दाखवायला सांगा. ५२ ची नाडी त्यांना थकवा किंवा चक्कर न आणता सोसत असेल तर तिची स्वतंत्र चिंता करण्याचे कारण नाही. पण उभ्या-उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या क्षणभर जरी बेशुद्ध पडल्या, तरी तो अशक्तपणा समजून सोडून देऊ नका. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या आणि तोपर्यंत सोटालॉलची पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.